बरोक ऐकवायचंय? आधी समोरच्याला हेडफोन घालायला सांगा

बरोक म्हणजे साधारण १६०० ते १७५० या दीडशे वर्षांतलं युरोपातलं संगीत, मोंटेवेर्दीपासून बाख-हँडेलपर्यंतचं. हे एकदा आवडायला लागलं की माणूस गप्प बसत नाही, दिसेल त्याला लिंक पाठवत सुटतो. आणि समोरचा अंगठा दाखवून मोकळा होतो. आता सोसायटीच्या टँकरचा मेसेज, कुणाचा तरी वाढदिवस आणि तीन सुविचार यांच्या मधे तुमची १४ मिनिटांची लिंक कोण उघडणार हो?

मी हा उद्योग बरेच दिवस करतेय, आणि तोही पुण्यातल्या अशा लोकांबरोबर ज्यांना बाख म्हणजे काय हे माहीत नसतं पण कान मात्र चांगले तयार असतात. सवाईला शाल घेऊन बसणारे, लहानपणी पेटी शिकलेले, नाट्यपदांवर वाढलेले. अशांना बरोक ऐकवायचं तर माझ्या मते एकच रस्ता चांगला, खालच्या ओळीतून आत न्यायचं. खालची ओळ म्हणजे बेस, चेलो किंवा तत्सम वाद्यावर सतत चालू असलेली ती जाड ओळ. बरोकमधे सगळं तिच्यावर उभं असतं. वरची सुरावट कुणालाही आपोआप ऐकू येते, खालची मुद्दाम दाखवावी लागते, आणि ती एकदा ऐकू आली की माणूस स्वतःहून पुढचं मागतो.

तर आता पहिल्यापासून सांगते.

पहिलं काम हेडफोनचं

हे गमतीत घेऊ नका. फोनच्या स्पीकरला साधारण दीड-दोनशे हर्ट्झच्या खालचं धड झेपत नाही. आणि चेलोची सगळ्यात खालची तार असते ६५ हर्ट्झच्या आसपास. म्हणजे तुम्ही ज्या ओळीचं कौतुक करताय ती समोरच्याच्या फोनमधून जवळजवळ बाहेरच पडत नाही, त्याला वर नुसती व्हायोलिनची चिवचिव ऐकू येते आणि तो म्हणतो, छान आहे, हॉटेलच्या लॉबीत लावतात तसं आहे. त्याचा काय दोष!

म्हणून लिंकच्या आधी एक ओळ लिहायचीच: "हेडफोन लावून ऐका, नसेल तर आत्ता ऐकू नका." जरा पुणेरी पाटीसारखं वाटतं पण चालतं, उलट त्यामुळंच लोक लक्षात ठेवतात. महागडे हेडफोन लागत नाहीत, फोनबरोबर मिळायचे ते साधे इअरफोनसुद्धा स्पीकरपेक्षा कितीतरी बरे. गाणं ऐकायच्या अ‍ॅपमधे क्रॉसफेड नावाची सेटिंग चालू असेल तर ती बंद करायला सांगा, नाहीतर एक भाग संपायच्या आतच दुसरा त्याच्यात घुसतो. आणि शफल बंद. शफलवर बाखचा सूट (म्हणजे ठरलेल्या क्रमानं वाजवायच्या तुकड्यांची माळ) ऐकणं म्हणजे काय होतं ते मी इथं लिहीत नाही.

ग्रुप छोटा ठेवा, आणि वेगळा ठेवा

शाळेच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर हे टाकू नका. तिथं एकदाच विचारा, की मी आठवड्याला एक तुकडा पाठवणार आहे, पाच मिनिटांच्या आतला, कुणाला हवाय? जे हो म्हणतील त्यांचाच वेगळा ग्रुप करा, आठ-दहा जण झाले तरी पुष्कळ. मोठ्या ग्रुपमधे कुणी बोलत नाही, आणि बोलतो तो हमखास सगळं आधीच माहीत असलेला एक जण असतो, तो एकदा सुरू झाला की नवीन माणसं घाबरून गप्प. (तो एक जण तुम्ही स्वतःही असू शकता, तेव्हा जरा जपून.)

आठवड्याला एकच लिंक. दोन नाही. एका लिंकबरोबर एकच काम द्यायचं, "अमुक ऐका" एवढंच. इतिहास, जन्मसाल, शैलीची वैशिष्ट्यं हे सगळं कुणी विचारलं तर सांगा.

पहिली लिंक कुठली

मी बाखचा "एअर" पाठवते, तिसऱ्या ऑर्केस्ट्रल सूटमधला. शोधताना बीडब्ल्यूव्ही १०६८ हा आकडा टाका, बाखच्या प्रत्येक कृतीला असा बीडब्ल्यूव्ही नंबर असतो आणि नावापेक्षा नंबरावर शोधलेलं कधीही चांगलं, कारण एकाच नावाच्या डझनभर कृती निघतात. विवाल्डीला आरव्ही, हँडेलला एचडब्ल्यूव्ही. हा तुकडा "एअर ऑन द जी स्ट्रिंग" या नावानं जास्त माहिती आहे पण ते नाव एकोणिसाव्या शतकात विल्हेल्मी नावाच्या व्हायोलिनवादकानं केलेल्या रूपांतरामुळं पडलं. तुम्ही मूळ ऑर्केस्ट्राचंच पाठवा.

का हाच? कारण याच्यात सुरुवातीच्या काही सेकंदांतच सगळी गंमत हातात देता येते. वर व्हायोलिन एकच सूर लांबवून धरतं, आणि खाली बेस चालत असतो. सा म्हणजे पांढरी दोन धरली तर वरचा सूर आहे शुद्ध ग, आणि त्याच्याखाली बेस सा, नि, ध, प असा एकेक पायरी उतरतो, प्रत्येक सूर दोनदा, एकदा खालच्या आणि एकदा वरच्या सप्तकात. वरचा ग तोच आहे, जरासुद्धा हललेला नाही, पण खालचा सूर बदलला की त्या ग चा रंग बदलतो. आपल्याकडं तानपुरा सा-प धरून बसलेला असतो आणि त्याच्यावर सूर फिरतात. इथं जमीनच सरकते. रागसंगीत ऐकणाऱ्या माणसाला ही एक गोष्ट नीट कळली ना की निम्मं काम झालं, खरंच सांगते. आणि म्हणूनच कुणी उत्साहानं तानपुरा अ‍ॅप लावून हे ऐकायला गेला तर त्याला लगेच थांबवा, तिसऱ्या-चौथ्या मात्रेलाच भांडण सुरू होतं.

लिंकच्या आधी व्हॉइस नोट

वरचं सगळं टाइप करून पाठवलंत तर कुणी वाचणार नाही. त्याऐवजी व्हॉइस नोट करायची, अर्ध्या मिनिटाच्या आतली. त्यात बोलणं कमी आणि गाणं जास्त. म्हणजे: "हे बघा, वर ग धरलाय, गऽऽऽ, आणि खाली सा, नि, ध, प. बस, हेच ऐका पहिल्यांदा, बाकीचं नंतर." तुमचा आवाज कसा आहे याला काही महत्त्व नाही, बेसुर झालात तर लोकांना उलट धीर येतो. घरी पेटी असेल तर डाव्या हातानं वाजवून दाखवा.

पेटीवरून एक महत्त्वाचं. जुन्या पद्धतीची वाद्यं वापरणारे बरेचसे वादक आज त्यांची पट्टी उतरवून घेतात, ४४० ऐवजी ४१५ हर्ट्झ. त्यांनी कागदावरची पांढरी सहा वाजवली की तुमच्या पेटीवर ती काळी चारला लागते, सगळं अर्ध्या सुरानं खाली. म्हणजे पांढरी दोनमधला "एअर" अशा रेकॉर्डिंगमधे काळी एकमधे ऐकू येईल. पेटीवर सूर जुळत नाहीत म्हणून कुणी वैतागला तर आधी हे तपासा. त्या काळात युरोपभर एकच पट्टी वगैरे काही नव्हती, गावागावाला वेगळी होती, ४१५ ही आजच्या लोकांनी सोयीसाठी ठरवलेली.

यूट्यूब कॉम्प्युटरवर उघडलंत तर शेअरच्या चौकटीत "स्टार्ट अ‍ॅट" असं येतं, तिथं वेळ टाकली की लिंक थेट त्या जागी उघडते. लांब कृतींसाठी हे फार कामाचं, "सातव्या मिनिटाला जा" असं सांगून कुणी जात नाही.

लिंक शोधायची कुठं हाही प्रश्न असतो. नेदरलँड्स बाख सोसायटीचा "ऑल ऑफ बाख" म्हणून प्रकल्प आहे, ते बाखची एकेक कृती करून सगळ्याच रेकॉर्ड करून फुकट टाकतायत, व्हिडिओ इतके स्वच्छ की बेस कोण वाजवतंय ते दिसतं, आणि नवीन माणसाला ते दिसणं फार उपयोगी. बाखच्या बाहेरचं हवं असेल तर सॅन फ्रान्सिस्कोच्या "व्हॉइसेस ऑफ म्युझिक"चे व्हिडिओ चांगले आहेत. सगळ्यात उत्तम रेकॉर्डिंग कुठलं या वादात पडूच नका, एक निवडा आणि पाठवा. तोच तुकडा दुसऱ्या कुणाचा, दुप्पट वेगानं वाजवलेला, महिन्याभरानं पाठवता येतो आणि तेव्हा खरी चर्चा रंगते.

मग फिरणारा बेस: इथं जरा थांबायचं

दुसऱ्या आठवड्यापासून पुढचे तीन-चार आठवडे मी याच एका प्रकारावर घालवते, आणि तुम्हीही घाई करू नका असं सांगेन. बरोकमधे एक फार आवडता प्रकार म्हणजे बेसची एक छोटी ओळ घ्यायची आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत तशीच फिरवत ठेवायची, वर मात्र दरवेळी नवीन काहीतरी. याला ग्राउंड बेस म्हणतात, शकोन आणि पासाकालिया हे याचेच भाऊबंद. आपल्याकडं तबला सोलोला पेटीवर किंवा सारंगीवर लेहरा धरतात ना, तो एकच तुकडा गोल गोल फिरतो आणि त्याच्या जिवावर तबलजी काय वाटेल ते करतो, तेच तत्त्व. लेहरा हा शब्द उच्चारला की पुण्यातल्या श्रोत्याला पुढं काही समजावावं लागत नाही. फरक इतकाच, की लेहरा हिशोबासाठी असतो, तो स्वतः फारसा बोलत नाही. इथं मात्र वरच्या सुरांचा अर्थच खालच्या ओळीवरून ठरतो.

सोपं उदाहरण पाखेलबेलचा कॅनन. आठ सुरांचा बेस: सां प ध ग म सा म प. सगळे शुद्ध. हा २८ वेळा येतो, एकदाही बदलत नाही, आणि वर तीन व्हायोलिन एकच सुरावट एकामागून एक, दोन दोन मापांच्या अंतरानं वाजवतात (माप म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट, इंग्रजीत बार). ग्रुपवर काम द्यायचं: आठ सूर आधी पाठ करा, मग पूर्ण वेळ फक्त तेच मनात म्हणत राहा, वर काय चाललंय तिकडं मुद्दाम लक्ष देऊ नका. गंमत अशी की वरचं आपोआप जास्त ऐकू यायला लागतं. हे लग्नाच्या व्हिडिओत वगैरे फार वाजून वाजून गुळगुळीत झालंय म्हणून काही जण नाक मुरडतील, त्यांना जुन्या वाद्यांवरचं, जलद लयीतलं पाठवा.

त्यानंतर मोंटेवेर्दीचा "लामेंतो देला निन्फा", १६३८ साली छापलेल्या त्याच्या आठव्या पुस्तकातला. चारच सूर: सा, कोमल नि, कोमल ध, प. खाली उतरायचं आणि पुन्हा वरून सुरू. एक मुलगी रडतेय, तीन पुरुष बाजूला उभं राहून तिची कीव करतायत, आणि ते चार सूर कुणासाठीच थांबत नाहीत. इटालियन एक अक्षर कळलं नाही तरी काही अडत नाही.

आणि मग पर्सेल, "डायडो अँड ईनियस" या ऑपेरातलं डायडोचं शेवटचं गाणं. हा ऑपेरा उशिरात उशिरा १६८९ साली लंडनजवळ चेल्सीच्या मुलींच्या एका शाळेत झालेला. इथं बेस असा उतरतो: सां, शुद्ध नि, कोमल नि, शुद्ध ध, कोमल ध, प. दोन्ही नि पाठोपाठ, दोन्ही ध पाठोपाठ! राग ऐकणाऱ्या माणसाचे कान टवकारतात, कारण असं एकेक पट्टी घसरत उतरणं आपल्याला सवयीचं नाही. पण खरं काम पुढं आहे. ही ओळ पाच मापांची, ती ११ वेळा येते, आणि गाणारी बाई तिच्याबरोबर संपत नाही. बेस पुन्हा पहिल्या सुरावर येतो तेव्हा ती अजून वाक्याच्या मधेच असते, तिचं वाक्य संपतं तेव्हा बेस पुढं निघून गेलेला असतो. ग्रुपवर एवढंच विचारायचं: "दोघं एकत्र समेवर कधी येतात?" लोक अक्षरशः पुन्हा पुन्हा लावून ऐकतात आणि रात्री साडेअकराला मेसेज येतो, "अहो ती येतच नाही!" मग दुसरा म्हणतो एकदा येते, आणि जुंपते.

ग्रुपमधे एवढं झालं असेल तर बाखची शकोन द्यायला हरकत नाही, बीडब्ल्यूव्ही १००४ मधला शेवटचा भाग, एकट्या व्हायोलिनसाठी, साधारण चौदा मिनिटं. आधी देऊ नका. देताना अर्ध्याच्या जरा पुढची वेळ टाकून लिंक द्या, जिथं इतका वेळ कोमल ग मधे चाललेलं एकदम शुद्ध ग मधे जातं. तेवढं ऐकलेला माणूस मग पहिल्यापासून स्वतःच ऐकतो.

विवाल्डी मेमधे

"फोर सीझन्स" १७२५ साली अ‍ॅमस्टरडॅमला छापले गेले, आणि प्रत्येक ऋतूबरोबर एक सुनीत छापलंय ज्यात आत्ता काय चाललंय ते लिहिलेलं आहे. नवीन माणसासाठी याहून सोपं काय असणार. पण सगळे "स्प्रिंग" पाठवतात. तुम्ही "समर" पाठवा, आरव्ही ३१५, आणि मे महिन्यात पाठवा, दुपारी. पहिल्या भागात उन्हानं माणसं आणि गुरं दोन्ही मलूल झालेली, सूर उचलायचीही ताकद नाही अशी सुरुवात, मधे पक्षी, मग वारा. तिसऱ्या भागात थेट गारांचा पाऊस, उभं पीक झोपवणारा. पुण्यात वळवाचं आभाळ भरून आलेलं असताना तिसरा भाग ग्रुपवर टाकला तर वेगळं समजावायची गरजच नाही. "विंटर"मधे दात वाजवलेत, ते आपल्या थंडीला काही लागू होत नाही, पण त्यातला मधला भाग, बाहेर पाऊस आणि आत शेकोटी, तो जुलैत छान चालतो. घरात लहान मुलं असतील तर "स्प्रिंग"चा मधला भाग द्या आणि कुत्रा शोधायला सांगा, व्हायोलावर दोन सुरांत भुंकतो तो.

हार्पसिकॉर्डची भीती

"ते टिणटिण वाजणारं नको" अशी तक्रार येतेच. पियानोत तारेवर हातोडी पडते, संतूरसारखी. हार्पसिकॉर्डमधे तार छेडली जाते, सतारीसारखी, फक्त नखीऐवजी पिसाच्या टोकानं. आणि पट्टी जोरात दाबा नाहीतर हळू, आवाज तेवढाच. म्हणून सूर उठावदार करायला वादक त्याच्याभोवती कण-मुरकीसारखी नक्षी करतो, किंवा सूर किंचित उशिरा सोडतो. हे सांगितलं की लोक वेगळ्या कानानं ऐकतात. तरी सुरुवात हार्पसिकॉर्डच्या एकट्या रेकॉर्डनं करू नकाच.

"इतके आवाज एकदम, कुणाला ऐकायचं?" ही दुसरी तक्रार, आणि ती रास्त आहे. तिला उत्तर म्हणजे बाखची पहिली दोन आवाजी इन्व्हेन्शन, बीडब्ल्यूव्ही ७७२, मिनिट-दीड मिनिटाची. उजवा हात म्हणतो सा रे ग म रे ग सा प. पलटाच आहे हो! लगेच डावा हात तेच खालच्या सप्तकात म्हणतो. तिसऱ्या मापात तोच पलटा उलटा होतो, ध प म ग प म ध. पलटे घोटलेल्या कुणालाही हे पहिल्या फटक्यात कळतं आणि तो मोजायलाच लागतो किती वेळा आला, कुठल्या हातात आला, सुलटा की उलटा. दोन आवाज पचले की तीन, मग फ्यूग, म्हणजे एकच सुरावट एकेका आवाजानं पाठोपाठ उचलायची. त्याच्यानंतर पाचवी ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तो द्या, १७२१ साली बाखनं अर्पण केलेल्या सहातली. पहिल्या भागात साथीला बसलेलं हार्पसिकॉर्ड हळूहळू पुढं येतं आणि शेवटी बाकी सगळे गप्प, तेच एकटं तीनेक मिनिटं सुटतं. टिणटिण म्हणणारे तिथं गार होतात.

गाणं द्यायचं तर

हँडेलचं "लाशा किओ पियांगा", १७११ च्या "रिनाल्डो" ऑपेरातलं. याचा साचा असा की पहिला भाग, मग दुसरा वेगळा भाग, आणि मग पहिला पुन्हा. हा "पुन्हा" म्हणजे वन्स मोअर आधीच लिहून ठेवल्यासारखं, फक्त गायिकेनं तो जसाच्या तसा गायचा नसतो, त्यात आपली कारागिरी घालायची असते आणि ती बहुतेक वेळा कागदावर लिहिलेली नसते. काम एकच द्यायचं, दुसऱ्या खेपेला काय वाढवलं ते सांगा. यावरून "यांचं सगळं लिहिलेलं असतं, आपल्यासारखी उपज कुठं" या नेहमीच्या टोमण्यालाही परस्पर उत्तर मिळतं. टोमणा तरीही आलाच तर आकड्यांच्या बेसबद्दल सांगा: बरोकमधे साथीदाराच्या कागदावर बेसची ओळ आणि तिच्याजवळ नुसते आकडे असतात, वरचे सूर कसे भरायचे ते तो तिथल्या तिथं ठरवतो.

आणखी एक धक्का म्हणजे पुरुषांचे उंच आवाज. १७२४ च्या "जूलियो चेझारे"मधे सीझरच उंच आवाजात गातो, त्या काळी लहानपणीच शस्त्रक्रिया झालेले कास्त्राती हे गायचे, आज काउंटरटेनर पुरुष किंवा बायका गातात. आपल्याकडं बालगंधर्वांना शालू नेसलेलं बघून पुणं वेडं झालेलं आहे, तेव्हा सीझरचा आवाज चढा आहे यावरून कुणी फार ताणू नये. ऐकायला दोन-तीन दिवस द्या, सवय होते.

महिन्यातून एकदा ऑनलाइन बैठक

शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर. आयपीएल आणि सवाईचा आठवडा सोडून. तासाच्या आत आटपायचं, नाहीतरी फुकटच्या खात्यावर झूमवर ४० मिनिटांत आणि मीटवर तासाभरात गाशा गुंडाळावाच लागतो. तीन तुकडे पुरे.

आता तांत्रिक. स्वतःच्या लॅपटॉपवर गाणं लावून माइकसमोर धरायचं नाही. कॉलवरची अ‍ॅप्स माणसाचं बोलणं ठेवून बाकीचा आवाज कापायला बनवलेली असतात, त्यांच्या लेखी चेलो म्हणजे पंखा. झूमवर स्क्रीन शेअर करताना "शेअर साउंड" टिक करा, मीटवर ब्राउझरची टॅब शेअर करा म्हणजे तिचाच आवाज जातो. माइकवरून प्रत्यक्ष वाजवून दाखवायचं असेल तर झूममधे "ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स" चालू करा. पण मला विचाराल तर सगळ्यात चांगलं म्हणजे लिंक चॅटमधे टाकायची, सगळ्यांनी म्यूट करून आपापल्या हेडफोनवर ऐकायचं आणि झालं की परत यायचं. आवाज पूर्ण दर्जाचा मिळतो. तोटा एकच, मधे जाहिराती येतात त्या प्रत्येकाला वेगळ्या वेळी, त्यामुळं कुणी डायडोच्या शेवटाला असतं आणि कुणी डिटर्जंटच्या.

ऐकून झाल्यावर "कसं वाटलं?" विचारू नका. छान, सुंदर, अप्रतिम यापुढं काही येत नाही. ठरलेल्या कामाबद्दलच विचारा. आणि कुणी म्हणालं मला काहीच वाटलं नाही, तर बरं म्हणा आणि पुढं जा, पटवायच्या भानगडीत पडू नका, सगळ्यात जास्त माणसं तिथंच गळतात.

फॉरवर्ड आणि गोष्टी

गोष्टी सांगाव्यात, पण खऱ्या. १७०५ मधे विशीतला बाख आर्नश्टाटहून ल्यूबेकला बुक्स्टेहूडे या ऑर्गनवादकाला ऐकायला पायी गेला, सुमारे ४०० किलोमीटर, आळंदी-पंढरपूरच्या वारीपेक्षा कितीतरी लांब, आणि चार आठवड्यांची रजा घेऊन चार महिने राहिला. ही सांगा, लोकांना फार आवडते. १७१७ मधे हँडेलचं "वॉटर म्युझिक" थेम्स नदीत नावेवरून वाजलं आणि राजानं पुन्हा वाजवायला लावलं, हीही चालेल.

पण "अल्बिनोनीचा अदाजिओ" बरोक म्हणून पाठवू नका, तो रेमो जाझोत्तो या इटालियन अभ्यासकानं १९५८ साली छापलेला आहे. पियानो शिकणाऱ्या पोरांचा तो "बाखचा मिन्युएट", जी मेजरमधला, तोही बाखचा नाही, पेट्झोल्डचा आहे. बाखनं गोल्डबर्ग व्हेरिएशन्स एका सरदाराला झोप लागावी म्हणून लिहिली आणि गोल्डबर्ग ती रात्री वाजवायचा, ही गोष्ट १८०२ च्या चरित्रातली. १७४१ मधे ती छापली तेव्हा गोल्डबर्ग जेमतेम चौदा वर्षांचा होता, तेव्हा तुम्हीच बघा. शकोन बायकोच्या मृत्यूवर लिहिली हाही तर्क आहे, पुरावा नाही. आणि झोप, रक्तदाब, मुलांचे गणिताचे मार्क असल्या फायद्यांचं काही पाठवू नका, त्यासाठी बाकीचे ग्रुप आहेतच.

स्वतःचं काही रेकॉर्ड करून टाकणार असाल तर एक लक्षात ठेवा. बाखची कृती सगळ्यांची, पण तिचं रेकॉर्डिंग ज्यानं केलं त्याचं असतं, आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतर ६० वर्षं संरक्षण आहे. त्यामुळं कुणाच्या सीडीचा तुकडा कापून आपल्या व्हिडिओत घालू नका, लिंक द्या. व्हिडिओसाठी मोकळं रेकॉर्डिंगच हवं असेल तर किमिको इशिझाकानं वाजवलेली गोल्डबर्ग २०१२ मधे सगळ्यांना वापरता येतील अशी खुली केलेली आहेत. नोटेशन आयएमएसएलपी या वेबसाइटवर फुकट मिळतं, ज्यांना वाचता येतं त्यांना स्क्रीनवर बेसची ओळ दाखवायला बरं पडतं.

प्रत्यक्ष मैफल

ग्रुप चार-सहा महिने टिकला की लोक विचारतातच, हे समोर ऐकायला कुठं मिळेल. पुण्यात कॅम्पमधे मझदा हॉलला पाश्चात्त्य संगीताचे कार्यक्रम होतात, आणि डिसेंबरच्या सुमारास कॅम्पातल्या चर्चच्या कार्यक्रमांवरही नजर ठेवा, हँडेलच्या "मसाया"मधलं काहीतरी कुठंतरी असतंच. मोठा वाद्यवृंद ऐकायचा तर मुंबईला एनसीपीए. जायचं ठरलं की कार्यक्रमात कुठल्या कृती आहेत ते आधी विचारून घ्या आणि आठवडाभर त्याच ग्रुपवर टाका, खालच्या ओळीच्या व्हॉइस नोटसकट. भागांच्या मधे टाळ्या वाजवत नाहीत हे सांगून ठेवा, आणि "क्या बात है" मनातल्या मनात. जागा निवडायला मिळाली तर चेलोच्या बाजूची घ्या.